उन्हाचे बिल

१९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमिए या सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एक हिशेब घातला. मॅनहॅटनमधल्या इमारतींच्या गच्च्यांवर शेती केली, तर तिथल्या किती लोकांचे पोट भरेल? विद्यार्थ्यांनी गच्च्या मोजल्या, उत्पन्न धरले आणि उत्तर आणले: जेमतेम २ टक्के. पोरे हिरमुसली. तेव्हा गुरुजींनी सुचवले की गच्ची सोडा, इमारतीच्या आत शिरा, मजल्यावर मजला चढवा आणि प्रत्येक मजल्यावर पीक घ्या. उभ्या शेतीच्या आधुनिक कल्पनेचा जन्म हा असा झाला. २०१० मध्ये डेस्पोमिए यांचे ‘द व्हर्टिकल फार्म’ हे पुस्तक आले आणि गुंतवणूकदारांच्या डोळ्यांपुढे काचेचे हिरवे मनोरे उभे राहिले.

त्या वर्गाच्या एक वर्ष आधी, १९९८ मध्ये, कोल्हापुरात राहणाऱ्या एका शिक्षकाचे ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे पुस्तक मेहता पब्लिशिंग हाउसने काढले होते. लेखक श्रीपाद अच्युत दाभोलकर. थोड्या जागेत भरपूर कसे पिकवायचे, हाच त्यांचाही प्रश्न. गुंठ्यावर आणि शहरातल्या गच्चीवर त्यांचे गणित सारखेच लागू पडत होते. त्यांनी मात्र उन्हातून पाय आत घेतला नाही. या दोन वाटांचे जमाखर्च आता पंचवीस वर्षांनी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

दाभोलकरांची वाट गारगोटीहून सुरू होते. कोल्हापूरच्या दक्षिणेला वेदगंगेच्या काठी असलेले हे भुदरगड तालुक्याचे गाव. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने पन्नाशीच्या दशकात इथे मौनी विद्यापीठ उभे राहिले. खेड्यातल्या मुलांना खेड्याच्याच प्रश्नांतून शिकवायचे, हा त्यामागचा विचार. तिथे शिकवणारे दाभोलकर गणित-विज्ञानाचे माणूस. साताऱ्याच्या ज्या दाभोलकर घरात ते १९२४ साली जन्मले, त्याच घरातले देवदत्त दाभोलकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि धाकटे नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ उभी केली. श्रीपादरावांनी प्रयोगशाळा शेतात नेली.

त्यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’ला ना कार्यालयाचा डामडौल होता, ना सरकारी अनुदान. शेतकरी आपल्या रानात एखादी गोष्ट करून पाहायचा, निरीक्षण लिहून ठेवायचा, पत्राने दुसऱ्याला कळवायचा. मग एकमेकांच्या बांधावर बैठका व्हायच्या. कुणाचे चुकले, कुणाचे साधले, यावर तासन् तास खल चालायचा. पदवीची अट नव्हती. हातात वही हवी आणि विचारायला प्रश्न हवा, एवढेच.

या पद्धतीला सर्वांत मोठे फळ आले ते द्राक्षात. सांगली जिल्ह्यातला तासगाव भाग हा अवर्षणाचा. तिथल्या बागायतदारांनी साठ-सत्तरच्या दशकांत वेलीचा जो अभ्यास केला, त्यात प्रयोग परिवाराचा वाटा होता. याच भागातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आणली. नावातला ‘तास’ तासगावचा आणि ‘ए’ आर्व्यांचा. आजही या पट्ट्यातला शेतकरी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बोलता बोलता समजावून सांगतो. घडाच्या पुढे काडीवर किती पाने राखायची आणि शेंडा कधी मारायचा, हे तो मोजून ठरवतो. पाने कमी पडली तर मण्यात साखर भरत नाही, जास्त झाली तर एकमेकांवर सावली धरतात. पान हा कारखाना आणि ऊन हा त्याचा कच्चा माल, हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेले नसते.

दाभोलकरांच्या सगळ्या मांडणीचा कणा हाच होता. जमीन किती एकर आहे, यापेक्षा तिच्यावर पडणारे ऊन पकडायला हिरवे पान किती आणि किती दिवस पसरलेले आहे, हे ते विचारत. शेतकरी मुळात ऊन गोळा करतो. माती, पाणी, खत ही त्या कामाची साधने. या हिशेबाने पाच माणसांचे कुटुंब १० गुंठ्यांवर, म्हणजे पाव एकरावर, नीट जगू शकते, असे ते सांगत. उसाच्या मुलखात हे बोलायला धाडस लागत होते. इथे पाव एकराला कुणी शेतीच म्हणत नाही.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मुंबईतल्या बऱ्यापैकी मोठ्या गच्चीचे क्षेत्रफळही तेवढेच असते. साहजिकच हे गणित फार काळ खेड्यात राहिले नाही.

मुंबईत ते उचलले डॉ. आर. टी. दोशी यांनी. वांद्र्याच्या गच्चीवर त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पिंपे, जुनी भांडी मांडली आणि त्यांत भाजीपाला, फळे, अगदी ऊससुद्धा लावला. भरायला माती अगदी थोडी. मुख्य भरण होते उसाच्या चिपाडांचे. रसवंतीवाले चरकातून निघालेली चिपाडे कचऱ्यात टाकतात. दोशींनी तीच आणली. पद्धत अशी: पिशवीच्या तळाशी पाणी निघून जाण्यापुरती भोके पाडायची, खाली चिपाडे नाहीतर वाळका पाला दाबून भरायचा, त्यावर घरातला ओला कचरा, वर कुजलेले खत आणि मूठ-दोन मूठ माती. रोप त्या वरच्या थरात लावायचे. खालचा थर कुजत जातो, मुळे त्याच्या मागोमाग खाली उतरतात आणि पिशवी बसली की वरून पुन्हा भर घालायची. मातीच्या मानाने हे सगळे हलके, त्यामुळे स्लॅबवर भार कमी. ओलही जास्त वेळ टिकते. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचे कारण नाही. गुऱ्हाळावर चिपाडे चुलवाणात जाळतात, मुंबईत ती कुजवली गेली एवढेच.

त्यानंतरचे उदाहरण सरकारी आवारातले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून रोज सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांचे जेवण जात असे. भाज्यांची देठे, साली, उरलेसुरले यांचा ढीग रोज पडायचा. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी दाभोलकरांच्या विचारांच्या आधाराने स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. क्षेत्र सुमारे ३,००० चौरस फूट, म्हणजे पावणेतीन गुंठे. झाडे दीडशेच्या घरात. स्वयंपाकाचे काम आटोपले की कर्मचारीच तिथे राबत. निघणाऱ्या ओल्या कचऱ्यापैकी सुमारे ९० टक्के कचरा त्या बागेत जिरू लागला. पुढे पाटील यांनी ‘अर्बन लीव्हज’ या उपक्रमातून मुंबईत इतरांनाही ही पद्धत शिकवली.

या बागेचा ताळेबंद बारकाईने पाहण्याजोगा आहे. भाजी विकून पैसा करणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. सुरुवात झाली ती कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी. खत फुकट, ऊन फुकट, जागा पडून असलेली आणि मजुरी हिशेबात न धरलेली. यातली मजुरी धरली, तर गच्चीवरची वांगी मंडईतल्या वांग्यांशी स्पर्धा करू शकत नाहीत. पण कचरा उचलण्याचा आणि टाकण्याचा वाचलेला खर्च जमेला धरला, तर बाग टिकते. गच्चीवरची शेती ही धंदा म्हणून अवघड आणि खर्च वाचवण्याची सोय म्हणून चोख, हे वास्तव दाभोलकरांच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

डेस्पोमिए यांची वाट याच्या उलट टोकाला गेली. तिची मुळेही जुनीच आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास मातीविना, क्षार घातलेल्या पाण्यावर पुरुषभर उंचीच्या वरचे टोमॅटोचे वेल वाढवून दाखवले आणि १९३७ मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. भारतातही ती उशिरा आली नाही. १९४६ साली बंगाल सरकारच्या शेतीखात्यात काम करणाऱ्या शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले. महागडी यंत्रे, पंप, नळ्या टाळून साध्या वाफ्यांत, खडी-वाळूवर, वरून कोरडे क्षार टाकून भाजी काढायची स्वस्त रीत त्यांनी बसवली आणि १९५१ मध्ये ‘बंगाल पद्धत’ म्हणून पुस्तकात मांडली. म्हणजे माती वजा करण्याची युक्ती भारतात स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. ती गरिबांसाठी, उघड्या आकाशाखाली बसवलेली होती.

मनोऱ्यांनी मातीच्या पुढे जाऊन ऊनही वजा केले. त्याच्या जागी एलईडी दिवे आले, आणि इथून पुढे सारी कथा विजेच्या मीटरची आहे.

पहिली दहा वर्षे पैशाचा पूर आला. अमेरिकेत २००४ साली स्थापन झालेल्या ‘एरोफार्म्स’ने नेवार्कमध्ये कारखान्याच्या इमारतीत पालेभाजी पिकवली. ‘प्लेंटी’ कंपनीला २०१७ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने २० कोटी डॉलर मिळाले. न्यूयॉर्कच्या ‘बावरी फार्मिंग’ची किंमत २०२१ मध्ये २३० कोटी डॉलर धरली गेली. बर्लिनच्या ‘इन्फार्म’ने सुपरमार्केटमध्येच काचेची कपाटे ठेवून ग्राहकासमोर तुळस, कोथिंबीर वाढवली. व्याजदर तळाला होते, पैसा स्वस्त होता, आणि ९५ टक्के पाणी वाचते, कीटकनाशक लागत नाही, वाहतूक उरत नाही, हे दावे ऐकायला गोड होते. पाण्याचा आणि कीटकनाशकाचा दावा बऱ्याच अंशी खराही होता.

२०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, युरोपात विजेचे दर भडकले, पाठोपाठ व्याजदर चढले. त्या नोव्हेंबरात इन्फार्मने सुमारे ५०० जणांना, म्हणजे निम्म्याहून अधिक नोकरवर्गाला घरी पाठवले. जून २०२३ मध्ये एरोफार्म्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बावरीने टाळे लावले. मार्च २०२५ मध्ये प्लेंटीही दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. पीक बुडाले म्हणून यांपैकी कुणी बुडाले नाही. पीक उत्तम येत होते; त्याला आलेला खर्च बाजार देत नव्हता.

तो खर्च किती, हे २०२१ च्या एका जागतिक पाहणीत दिसले. बंदिस्त मनोऱ्यात एक किलो उत्पादनामागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागत होती. उन्हाचा वापर करणाऱ्या हरितगृहात हाच आकडा ५.४ युनिट होता. विजेचा दर आठ रुपये धरला, तर मनोऱ्यातल्या किलोभर पाल्यात नुसती वीजच तीनशे रुपयांच्या वर जाते. बी, क्षार, पगार, भाडे, कर्जाचा हप्ता हे सगळे त्यावर. सुधारलेली यंत्रणा बसवून वीज १० युनिटांवर आणली, तरी ८० रुपये मीटरलाच लागतात. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीची पेंढी सुगीच्या दिवसांत दहा-वीस रुपयांना मिळते.

हाच हिशेब कोल्हापूरच्या मापात मांडून पाहावा. इथल्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज साधारण ५ युनिटांइतके ऊन पडते. त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग पानाच्या कामाचा. तेवढा उजेड एलईडीने द्यायचा, तर निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत वाया जाते हे धरून, चौरस मीटरला रोज चार युनिट लागतील. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर ऊन विकत घ्यायला रोज ४०० युनिट; आठ रुपये दराने ३,२०० रुपये, रोजचे. आता त्याच गुंठ्यात ऊस लावला, तर एकरी ४० टनांच्या चांगल्या उताऱ्याने वर्षाला एक टन निघतो. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता, तोही तोडणी-ओढणी वजा व्हायच्या आधीचा. उसाला वर्षभर फुकट मिळणारे ऊन विजेने द्यायचे म्हटले, तर वर्षाचे सगळे उत्पन्न एका दिवसाच्या बिलात संपते.

यावर मनोरेवाल्यांचे म्हणणे असे की आम्ही ऊस लावतोच कुठे? बरोबर आहे. लेट्यूस, तुळस, कोथिंबीर यांना एवढ्या उन्हाची गरज नसते, साधारण तिसरा हिस्सा पुरतो आणि महिनाभरात पीक हाती येते. म्हणूनच जगभरच्या मनोऱ्यांत पालाच दिसतो. गहू, तांदूळ, डाळ तिथे दिसत नाही, आणि माणसाचे पोट पाल्यावर भरत नाही. दुसरे म्हणणे असते की दहा थर रचले की जागा दहापट होते. जागा होते खरी, पण प्रत्येक थराला स्वतःचे दिवे लागतात, तेव्हा बिलही दहापट होते. तिसरा तोडगा सौरऊर्जेचा. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. म्हणजे एका गुंठ्याला पूर्ण उजेड द्यायला चार-पाच गुंठ्यांवर पॅनेल अंथरावी लागतील. वाचवायला निघालेली जमीन पॅनेलखाली गेली.

जपानमध्ये याला अपवाद आहे. क्योटोच्या ‘स्प्रेड’ कंपनीने कामेओका इथला लेट्यूसचा कारखाना नफ्यात आणून दाखवला आणि २०१८ मध्ये केइहान्ना इथे दिवसाला ३०,००० लेट्यूसची क्षमता उभी केली. तिथे कच्चा पाला रोजच्या ताटात असतो, तो न धुता खाता यावा यासाठी ग्राहक जादा दाम मोजतो आणि लागवडीखालची सपाट जमीन मुळातच कमी आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गणित जेमतेम जुळले.

कोल्हापुरात यांपैकी एकही गोष्ट नाही. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, तेव्हापासून या जिल्ह्याने पाण्यात पैसा घातला आहे. नदी अडवायची इथली रीत राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ याच नावाने ओळखली जाते. १९७२ साली महानगरपालिका झाली, पण हद्दीचे क्षेत्र ६७ चौरस किलोमीटरांच्या आतच राहिले. शेजारच्या गावांनी हद्दवाढीला सतत विरोध केला, त्यात शेतजमीन जाण्याची भीती हे मोठे कारण होते. परिणाम असा की शहराच्या मध्यापासून दुचाकीवर निघालेला माणूस थोड्याच वेळात उसाच्या फडात पोचतो. वाहतूक वाचवण्यासाठी मनोरा बांधायचा, तर आधी वाहतूक लांबची असायला हवी.

शहरातली शेती इथे टिकलेली आहे, ती वेगळ्या रूपात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि लोक फेसाळ दुधाचा पेला उभ्याउभ्या रिकामा करतात. जिल्ह्यात १९६३ पासून ‘गोकुळ’सारखा मोठा दूध संघ असताना हा कट्टा चालतो. डोळ्यांदेखत निघालेल्या दुधाला मिळणारा भाव हे त्याचे कारण. नाशवंत माल, तत्काळ गिऱ्हाईक आणि ताजेपणाची किंमत देणारी जीभ: शहरी शेतीला नफा मिळतो तो या तीन गोष्टी जुळल्या तरच.

ऊन फुकट ठेवून बाकीचे हवामान ताब्यात घ्यायचे, हा मधला रस्ताही जिल्ह्याने चालून पाहिला आहे. शिरोळ तालुक्यातल्या कोंडिग्रे इथे खडकाळ माळावर श्रीवर्धन बायोटेकने हरितगृहे उभारली आणि त्यांत डच गुलाब, जरबेरा यांसारखी फुले घेतली. प्लास्टिकच्या छपरातून ऊन आत येते, ठिबकने मोजून पाणी आणि खत जाते, वारा-पावसाची झळ लागत नाही. गुलाबाला फुलागणिक भाव मिळतो, त्यातून उभारणीचा खर्च निघू शकतो. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून पॉलिहाउसला खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळू लागल्यावर अनेक शेतकरी या वाटेला लागले. सगळ्यांचे जमले नाही. लग्नसराईचा बाजार कोसळला की फुले फेकावी लागतात, आणि प्लास्टिकचा कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो. तरी विजेचे बिल हे इथल्या अपयशाचे मुख्य कारण कधी झाले नाही.

दाभोलकर २००१ मध्ये गेले. मनोऱ्यांची भरभराट आणि पडझड त्यांनी पाहिली नाही. मात्र डेस्पोमिए यांच्या विद्यार्थ्यांचा २ टक्क्यांचा आकडा त्यांच्यापुढे आला असता, तर तो त्यांना बहुधा कमी वाटला नसता. गच्चीने शहर पोसावे, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. पानावर पडणारे ऊन आणि घरातून निघणारा कचरा वाया जाऊ नये, इतकीच होती. त्या अपेक्षेला भांडवल जवळजवळ लागत नाही, त्यामुळे ती दिवाळखोरीतही निघत नाही.

उभ्या शेतीचे देखणे सादरीकरण घेऊन कंपन्या आता मराठी शहरांतही फिरतात. कुणी कोल्हापुरात गाळा भाड्याने घेऊन गुंतवणूक मागायला आला, तर थर किती आणि पाणी किती वाचते हे नंतर विचारावे. पहिला प्रश्न एकच: किलोमागे किती युनिट जळतात, आणि तो किलो कोण, कितीला, वर्षाचे बारा महिने विकत घेणार आहे? याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत चेकबुक खिशात ठेवावे, आणि तोवर आपल्या गच्चीवर चिपाडांनी भरलेल्या चार पिशव्या मांडून पाहाव्यात.